चाळीतला सागवान आणि अठरा मजल्यांची लाकडी इमारत

गेल्या मे महिन्यात ठाण्यात जांभळी नाक्याजवळ एका जुन्या दुमजली इमारतीचं पाडकाम चालू होतं. रीडेव्हलपमेंटच्या कामात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून माझा अशा ठिकाणी नेहमीचाच वावर. पाडकामाच्या ठेकेदाराने एक तुळई खाली उतरवून फुटपाथवर आडवी टाकली होती. वीसेक फूट लांब, वर्षानुवर्षांच्या धुराने आणि ऑइलपेंटच्या थरांनी काळपट झालेली. जुन्या लाकडाच्या वखारीतून आलेल्या सुताराने तिच्यावर रंध्याचे चार-पाच हात मारले आणि आतून मधाच्या रंगाचा सागवान वर आला. वासही ताज्या लाकडाचा. तुळईचं दुसरं टोक मात्र बोटाने उकरलं तरी भुशासारखं गळत होतं. ते टोक मोरीच्या भिंतीत बसवलेलं होतं.

मी तिथे बराच वेळ रेंगाळलो. मोठ्या इमारती पुन्हा लाकडाच्या बांधता येतील का, या प्रश्नावर मी काही वर्षं वाचतो आहे आणि सोसायट्यांच्या मीटिंगमध्येही तो काढतो. लोकांना त्यात जी आशा वाटते ती त्या तुळईच्या एका टोकाला होती आणि जी भीती वाटते ती दुसऱ्या टोकाला. म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. अनेक कुटुंबांनी एकत्र राहायची लाकडी इमारत आपल्याला नवी नाही. गिरगावातल्या कितीतरी चाळी म्हणजे सागवानी खांब, सागवानी तुळया, मध्ये विटांची भिंत आणि वर मंगलोरी कौलं. ठाण्याच्या जुन्या गावठाणातली घरंही याच पद्धतीची. एकेका मजल्यावर दहा-पंधरा बिऱ्हाडं, शंभर-शंभर वर्षं नांदलेली. लाकूड त्याहून जास्त काळही टिकतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात ते जतन केलेलं बघायला मिळतं.

मग लाकूड गेलं कुठे? जंगलं भराभर तुटत होती, म्हणून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ साली आपल्या बांधकामांत लाकूड वापरायला मनाई केली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीवर कडक बंधनं आणली. तोवर सिमेंट आणि सळई सगळीकडे मिळू लागली होतीच. एका पिढीत लाकडाचं काम दारं, खिडक्या आणि फर्निचरपुरतं उरलं. लाकडाची तुळई हिशोबाने डिझाइन करू शकणारा इंजिनिअरही दुर्मीळ झाला. कॉलेजात आम्हाला हा विषय एका प्रकरणात उरकून शिकवला होता. केंद्रीय विभागाची ती मनाई २०२० मध्ये उठली, पण सवय एकदा मोडली की परत लागायला वेळ जातो.

प्लायवूड जाड केलं तर

जगात आज ज्या लाकडी इमारती उभ्या राहत आहेत, त्यांत एवढे मोठे ओंडके कुठून आणले असा प्रश्न लोक पहिल्यांदा विचारतात. ओंडके नसतातच. बारीक, लवकर वाढणाऱ्या झाडांच्या फळ्या असतात.

प्लायवूडचा तुकडा हातात घेऊन त्याची कड बघा. एका थराचे रेषे आडवे, पुढच्याचे उभे, पुन्हा आडवे. लाकूड रेषांच्या दिशेने खूप ताकदवान असतं आणि आडव्या दिशेने कमकुवत. पावसाळ्यात ते फुगतं तेही रेषांना आडवं. थर आलटून पालटून चिकटवले की एक थर दुसऱ्याला जखडून ठेवतो. आता प्लायच्या पातळ सालीऐवजी दोन ते साडेचार सेंटिमीटर जाडीच्या, भट्टीत सुकवलेल्या फळ्या घ्या, तीन, पाच किंवा सात थर असेच उभे-आडवे रचा आणि दाबाखाली चिकटवा. झाला भिंतीएवढा किंवा स्लॅबएवढा पॅनल. याला क्रॉस-लॅमिनेटेड टिंबर, थोडक्यात सीएलटी म्हणतात. ऑस्ट्रिया आणि जर्मनीत १९९० च्या दशकात हे तंत्र पक्कं झालं. फळ्या सगळ्या एकाच दिशेला ठेवून चिकटवल्या तर तुळया आणि खांब तयार होतात, ते ग्लुलॅम. ते याहून बरंच जुनं आहे. जर्मनीत १९०६ सालचं त्याचं पेटंट आहे. या सगळ्या कुटुंबाला मिळून मास टिंबर असं नाव आहे.

पॅनल कारखान्यातच संगणकावर चालणाऱ्या मशीनने कापला जातो. दार, खिडकी, नळाच्या पाइपचं भोक, सगळं मिलीमीटरच्या मापात. साइटवर क्रेनने उचलायचा, जागेवर बसवायचा आणि लांब स्क्रू व पोलादी पट्ट्यांनी जोडायचा. लंडनमध्ये मरे ग्रोव्ह इथे २००९ साली नऊ मजल्यांची, २९ घरांची इमारत झाली. तिचा तळमजला काँक्रीटचा आणि वरचे आठ मजले लाकडाचे. ते आठ मजले चार सुतारांनी कामाच्या २७ दिवसांत उभे केले. व्हँकुव्हरच्या विद्यापीठात ‘ब्रॉक कॉमन्स’ हे १८ मजल्यांचं विद्यार्थी वसतिगृह २०१७ मध्ये तयार झालं. माल साइटवर आल्यावर त्याचा लाकडी सांगाडा ७० दिवसांच्या आत चढला. नॉर्वेतली १८ मजल्यांची ‘म्योस्टॉर्नेट’ ८५.४ मीटर उंच आहे. अमेरिकेत मिलवॉकीची ‘असेंट’ ही २५ मजल्यांची रहिवासी इमारत २०२२ मध्ये पूर्ण झाली.

या आकड्यांमागची एक गोष्ट बातम्यांमध्ये राहून जाते. यातल्या बऱ्याच इमारती संपूर्ण लाकडाच्या नाहीत. ‘ब्रॉक कॉमन्स’चे जिने आणि लिफ्ट काँक्रीटच्या गाभ्यात आहेत. ‘असेंट’चे खालचे सहा मजले काँक्रीटचे आहेत. ‘म्योस्टॉर्नेट’ इतकी हलकी होती की वाऱ्यात डुलू नये म्हणून तिच्या वरच्या मजल्यांना मुद्दाम काँक्रीटचे स्लॅब दिले. जिथे जे साहित्य चांगलं काम करतं तिथे ते वापरलं आहे. आपल्याकडेही हेच व्हावं असं मला वाटतं. काँक्रीटशी माझं भांडण नाही.

होळीतला मधला ओंडका

आता आगीचं. हा प्रश्न आल्याशिवाय एकही मीटिंग संपत नाही, आणि तो यायलाच हवा.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राखेत बघा. गवऱ्या, काटक्या, पेंढा यांचा मागमूसही नसतो. मधला जाड ओंडका मात्र काळा होऊन अजून पडलेला असतो. त्यावर कोयता मारला तर बोट-दोन बोटं कोळसा निघतो आणि आत चांगलं लाकूड लागतं. कोळशाचा थर उष्णता आत जाऊ देत नाही आणि आतल्या लाकडाला हवाही पोचू देत नाही. काटकी आणि खांब दोन्ही लाकूडच, पण आगीत त्यांचं वागणं पूर्ण वेगळं.

इंजिनिअर हे मोजून वापरतात. पाइनसारखं लाकूड आगीत मिनिटाला साधारण ०.६५ मिलीमीटर या वेगाने कोळसा होत आत जातं. म्हणजे एका तासात सुमारे ३९ मिलीमीटर, दोन तासांत ७८. चारही बाजूंनी आग लागलेला ४०० मिलीमीटरचा खांब दोन तासांनी २४४ मिलीमीटरचा उरतो. त्यातला आणखी थोडा थर उष्णतेने कमकुवत झाला असं धरायचं आणि राहिलेल्या खांबावर वरच्या मजल्यांचा भार पेलतो का ते तपासायचं. पेलत नसेल तर खांब सुरुवातीलाच जाड घ्यायचा. शिवाय बहुतेक ठिकाणी लाकडावर जिप्सम बोर्डाचे थर चढवतात आणि स्प्रिंकलर असतातच. उघडं पोलाद ५५०-६०० अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावतं आणि वाकतं. लाकडाच्या इमारतीतही पोलादी जोड लाकडाच्या आत दडवतात, ते याच कारणाने.

एवढ्यावरून लाकूड आगीला भीत नाही असं कुणी म्हणाला तर विश्वास ठेवू नका. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये आठवडाभर जळत होता. दगडी कोट, दरवाजे आणि जोती उरली, वरचे लाकडी महाल गेले. सीएलटीतही खराब गोंद असेल तर उष्णतेने जळका थर गळून पडतो, आतलं कोरं लाकूड उघडं होतं आणि आग पुन्हा भडकते. त्यावरून धडा घेऊन अमेरिकेत गोंदाच्या चाचण्या कडक झाल्या. त्यानंतर २०२१ च्या तिथल्या बिल्डिंग कोडने १८ मजल्यांपर्यंत परवानगी दिली, तीही १८ मजल्यांच्या इमारतीत सगळं लाकूड झाकलेलं असावं या अटीवर. इंग्लंडने २०१८ मध्ये १८ मीटरपेक्षा उंच रहिवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत जळणारं साहित्य बंद केलं आणि तिथल्या लाकडी फ्लॅट-इमारतींना खीळ बसली. दोन्ही देश विचार करूनच तिथे पोचले आहेत.

मोरीच्या भिंतीतलं टोक

ठाण्यात मला आगीपेक्षा पाण्याची काळजी जास्त वाटते. इथे वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, वर खाडीची दमट हवा, आणि वाळवी. नॉर्वेचं डिझाइन उचलून घोडबंदर रोडवर ठेवलं तर ते टिकणार नाही.

लाकूड कुजतं ते बुरशीमुळे. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर ती बुरशी वाढू शकत नाही. हवेतल्या दमटपणाने लाकूड सहसा एवढं ओलं होत नाही, छपराखाली ते थोडं फुगतं आणि आकसतं इतकंच. ओल चढते ती गळतीने, आणि पाणी अडकून राहिल्याने. चाळीतली ती तुळई मधोमध शंभर टक्के शाबूत होती, कारण तिला चारही बाजूंनी हवा लागत होती. टोक भिंतीत चिणलेलं, पलीकडे मोरी, वर्षानुवर्षं रोज पाणी. लाकडाच्या टोकाला रेषांची तोंडं उघडी असतात आणि तिथून ते नळीसारखं पाणी ओढतं. जुन्या चाळींना जे टेकू लागतात ते बहुतेकदा संडास-मोरीच्या बाजूलाच लागतात, हे तिथे राहिलेल्या कुणालाही विचारा.

त्यामुळे आपल्याकडच्या लाकडी इमारतीचे नियम त्या टोकावरूनच ठरायला हवेत. तळमजला काँक्रीटचा, म्हणजे जमिनीची ओल आणि वाळवी दोन्ही खालीच अडतात. खांबाचा पाय पोलादी बुटात, फरशीपासून वर उचललेला. बाथरूम एकावर एक, शक्यतो काँक्रीटच्या गाभ्यालगत. पाइप भिंतीत गाडायचे नाहीत, उघडता येईल अशा शाफ्टमध्ये ठेवायचे. छज्जे खोल, कोकणातल्या घरांना असतात तसे. लाकडावर बोरॉनच्या क्षारांची प्रक्रिया, जमिनीत वाळवीविरोधी फवारणी. उभारणी ऑक्टोबर ते मे या काळातच, कारण छप्पर चढण्याआधी भिजलेला पॅनल आत ओल धरून ठेवतो.

काँक्रीटलाही इथे पाणी सोडत नाही. वाशीत, ऐरोलीत किंवा कोपरीत खाडीजवळ राहणाऱ्यांनी स्लॅबचं प्लास्टर पडून आतली गंजलेली सळई पाहिलेली असते. फरक एवढाच की गंज आत लपून वाढतो, आणि उघडं ठेवलेलं लाकूड डाग दाखवून आधी सांगतं.

वजन, वेळ आणि भाडं

१० बाय १० फुटांच्या खोलीचा सहा इंची काँक्रीटचा स्लॅब सळईसकट साधारण साडेतीन टन भरतो. त्याच खोलीवर सात इंची सीएलटी पॅनल टाकला तर आठशे किलो. वर पायांचा आवाज खाली जाऊ नये म्हणून रबरी थर आणि दोनेक इंच काँक्रीट घालावं लागतं, तरी वजन निम्म्याच्या आसपासच राहतं. आवाजासाठीचा हा थर टाळू नका. हलक्या तक्तपोशीवर वरच्या मजल्यावर खलबत्ता चालला की खालच्या घरात काय होतं ते चाळीतल्या माणसाला सांगायला नको.

नवी मुंबईचा बराच भाग खाडीच्या मऊ, काळ्या चिखलावर भराव टाकून उभा आहे. तिथे इमारतीचं वजन कमी म्हणजे पायाखाली जमिनीत खोल उतरवायचे खांब, म्हणजे पाइल, कमी किंवा आखूड. भूकंपाचं बळही वजनाच्या प्रमाणात येतं. जपानमध्ये २००७ साली सात मजल्यांची सीएलटी इमारत प्रचंड मोठ्या कंपन-मंचावर कोबेच्या भूकंपाइतकी हलवली आणि ती उभी राहिली. २०२३ मध्ये सॅन दिएगोत दहा मजल्यांच्या लाकडी सांगाड्यावर अशाच चाचण्या झाल्या.

पण ठाणेकराच्या जिव्हाळ्याची गोष्ट वेळेची आहे. नौपाड्यातल्या किंवा पाचपाखाडीतल्या रीडेव्हलपमेंटमध्ये माणसं तीन-तीन, चार-चार वर्षं भाड्याच्या घरात असतात. आजी-आजोबांना पुन्हा आपल्या घरात यायला मिळेल का, हा प्रश्न मी मीटिंगमध्ये ऐकलेला आहे आणि त्याचं उत्तर देता आलेलं नाही. सांगाड्याचे सहा महिने वाचले तर ते सहा महिन्यांचं भाडं आहे, आणि त्याहून मोठं असं बरंच काही आहे. अरुंद गल्लीत रोज येणारे मिक्सर, धूळ, रात्रीचं काँक्रीटिंग, हेही कमी होतं. अर्थात सांगाडा लवकर झाला तरी परवानग्या, लिफ्ट आणि फिनिशिंग आपापला वेळ घेतातच.

कार्बनचं थोडक्यात सांगतो. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. एक घनमीटर पाइनमध्ये झाडाने हवेतून ओढलेला सातशे-आठशे किलो कार्बन डायऑक्साइड बांधलेला असतो. इमारत उभी आहे तोवर तो हवेत जात नाही. तोडलेल्या झाडाच्या जागी नवं झाड लावलं असेल तरच या हिशोबाला अर्थ आहे.

हे लाकूड कुणाचं?

येऊरच्या जंगलाला हात लावायची कुणाचीही कल्पना नाही, आणि तशी कुणी काढली तर तिला विरोध करणाऱ्यांत मी पहिला असेन. आज भारतात इमारतींसाठी लागणारं मऊ लाकूड मुख्यतः बाहेरून येतं. न्यूझीलंडचं पाइन कांडला आणि मुंद्रा बंदरात उतरतं, गांधीधामच्या गिरण्यांमध्ये चिरलं जातं. सीएलटी पॅनल तर बहुधा तयारच आयात करावे लागतात, म्हणून आज आपल्याकडे ही इमारत काँक्रीटपेक्षा महाग पडते. सोसायटीला मी हे पहिल्याच मीटिंगमध्ये सांगतो.

स्वस्त होईल ती इथल्या शेतकऱ्याने झाड लावलं तर. हरियाणात यमुनानगरचा प्लायवूड उद्योग मुख्यतः शेतांच्या बांधावरच्या पॉपलरवर उभा राहिला. आपल्याकडे शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याच्या मालकीच्या जमिनीत साग उभा असतो, पण तोडायला परवानगी आणि न्यायला वाहतूक पास लागतो. त्या खेपा मारण्यापेक्षा झाड न लावलेलं बरं, असं म्हणणारे शेतकरी मला भेटले आहेत. बांबूची वाट मोकळी झाली आहे. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला. बांबूच्या पट्ट्या दाबून, चिकटवून तुळया करता येतात. आपल्या जिल्ह्यात बांबू काय नवा आहे? माझ्या मते महाराष्ट्राची खरी संधी पाइनपेक्षा इथे आहे.

नियम काय विचारतो

आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये लाकूड आणि बांबूवर स्वतंत्र विभाग आहे, लाकडी सांगाड्याच्या डिझाइनसाठी आयएस ८८३ हे भारतीय मानक आहे. म्हणजे लाकूड बेकायदा नाही. अडचण उंचीची आहे. १५ मीटर आणि त्यावरच्या इमारतीत न जळणारं साहित्य वापरावं असा कोडचा आगीबद्दलचा रोख आहे, म्हणजे साधारण चार-पाच मजल्यांवर दार बंद.

स्वीडनमध्येही असंच होतं. १८८८ मध्ये सुंड्सवाल आणि उमेओ ही दोन शहरं एकाच दिवशी जळाली होती. दोन मजल्यांपेक्षा उंच लाकडी इमारतींना तिथे शंभरएक वर्षं बंदी राहिली. १९९४ मध्ये त्यांनी नियमाचा प्रश्नच बदलला. इमारत कशाची आहे हे विचारायचं सोडून ती आगीत किती वेळ उभी राहील हे विचारलं. उत्तर चाचणीने सिद्ध करा आणि बांधा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००९ मध्ये सरकारी पैशाच्या इमारतींत आधी लाकडाचा विचार करायचा कायदा केला. जपानने २०१० मध्ये सरकारी इमारतींपासून सुरुवात केली आणि २०२१ मध्ये तोच कायदा सगळ्या इमारतींना लावला. या शेवटच्या दोन्ही ठिकाणी पहिलं पाऊल सरकारने स्वतःच्या अंगणात टाकलं.

आपल्याकडे त्यासाठी टॉवरची वाट बघायला नको. १५ मीटरच्या आतलं आजच करता येतं. महापालिकेची तीन मजली शाळा, वॉर्ड ऑफिस, वाचनालय, महापे किंवा वागळे इस्टेटमधलं चार मजली ऑफिस, मोठ्या संकुलाचं क्लबहाउस. जुन्या मजबूत इमारतीवर एखादा हलका मजला चढवायचा असेल तर तपासणीनंतर लाकूड उत्तम, कारण खालच्या खांबांवर भार कमी येतो. अशा पाच-सहा इमारतींनी इथले चार पावसाळे काढले, फायर ऑफिसरने त्या आतून पाहिल्या, वाळवीची तपासणी दरवर्षी लिहून ठेवली, तर आठ मजल्यांची फाइल टेबलावर ठेवताना आपल्याकडे नॉर्वेचे फोटो सोडून दाखवायला काहीतरी असेल.

तुमच्या सोसायटीत उद्या कुणी लाकडी इमारतीचा प्रस्ताव आणलाच, तर फोटो बाजूला ठेवून त्याला हे विचारा. आगीत दोन तास टिकण्याचा चाचणी अहवाल याच पॅनलचा आणि याच गोंदाचा आहे का? बाथरूमच्या खाली काय आहे? गळती झाली तर पॅनल उघडून बघता येतो का, आणि बदलायचा झाला तर कसा? लाकूड कुठून आलं, त्याचा दाखला कुठे आहे? विमा कंपनीने लेखी काय दिलंय? आणि पावसाळ्याआधी छप्पर चढलं नाही तर पॅनल झाकायचा खर्च कुणाचा?

जांभळी नाक्यावरची ती तुळई वखारवाल्याने घेतली. सुताराने आधी कुजलेलं टोक करवतीने कापलं, दीड फूटही नव्हतं. उरलेले अठरा फूट टेम्पोत नीट मावेनात, म्हणून मागे लाल फडकं बांधून ती भिवंडीच्या दिशेने गेली.